कपाटभर साड्या, एक विळी

झुंपा लाहिरी यांचा 'इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज' हा नऊ कथांचा पहिलाच संग्रह १९९९ साली आला आणि पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्यातल्या शीर्षककथेवर आणि 'अ टेम्पररी मॅटर'वर भरपूर लिहिलं गेलं आहे. 'मिसेस सेन्स' मात्र 'परदेशात एकट्या पडलेल्या बाईची गोष्ट' एवढ्यावरच निकालात निघते. मला ते पटत नाही. एकटेपणा कथेत आहेच, पण तो नंतर येतो. आधी दिसते ती हाताला कसब असलेली, नटण्याची हौस असलेली, चवीनं खाणारी एक तरुण बंगाली बाई. आणि हे सगळं करायचं कुणासमोर, हा तिचा पेच.

मिसेस सेन साधारण तिशीची. नवरा अमेरिकेतल्या एका समुद्राकाठच्या गावी विद्यापीठात गणित शिकवतो. विद्यापीठाच्या फ्लॅटमध्ये दोघंच राहतात. घरी मूल सांभाळीन, अशी जाहिरात ती सुपरमार्केटबाहेर लावते आणि अकरा वर्षांचा एलियट शाळा सुटल्यावर तिच्याकडे येऊ लागतो. त्याची आई एकटी, तिचं ऑफिस पन्नास मैलांवर. ऑगस्ट ते नोव्हेंबर एवढाच कथेचा काळ, आणि शेवटची पानं येईपर्यंत म्हणावं असं काही घडत नाही.

पहिल्या भेटीचा प्रसंग बघा. ऑगस्टमधली दुपार, बाहेर भुरभुर. एलियटची आई घर बघायला आली आहे आणि दार उघडणारी मिसेस सेन पांढऱ्या, झळाळत्या, नारिंगी कोयऱ्यांच्या साडीत उभी आहे. लग्नाच्या रिसेप्शनला शोभावी अशी साडी. ओठांना साडीशी जुळणारा पोवळ्याच्या रंगाचा लेप, आणि तो एका बाजूनं ओठाच्या कडेबाहेर जरासा गेलेला. कडेबाहेर गेलेला हा रंग लाहिरींनी उगाच टिपलेला नाही. आपल्याकडं लातूरच्या एखाद्या घरात ही बाई तयार होऊन बाहेर आली असती, तर जाऊ नाहीतर नणंद म्हणाली असती, "थांब गं, इकडं बघ," आणि पदराच्या टोकानं पुसून घेतलं असतं. इथं ते सांगणारं घरात दुसरं कुणी नाही. लेखिका मात्र ही कमतरता बोलून दाखवत नाही. ओठावरचा रंग दाखवते आणि पुढं जाते.

खरी गंमत त्यानंतर आहे. एलियटला त्या खोलीत विचित्र दिसते ती साडीतली मिसेस सेन नव्हे, तर हाफपँट आणि दोरीच्या तळव्याचे बूट घातलेली स्वतःची आई. दोन बायका, दोन पोशाख. आणि पोराचा कौल परक्या बाईच्या बाजूनं. आपल्या कपड्यांची लाज वाटण्याच्या कितीतरी गोष्टी स्थलांतराच्या साहित्यात आहेत. लाहिरी तो तराजूच उलटा धरतात.

ही कथा आपण एलियटच्या डोळ्यांनी बघतो, आणि माझ्या मते कथेचं सगळं बळ त्यात आहे. या पोराला साडीतलं काही कळत नाही. लाहिरींच्या 'द नेमसेक' कादंबरीत पहिल्याच प्रकरणात गरोदर अशिमाला दवाखान्यात साडी उतरवून गुडघ्यापर्यंतचा गाऊन घालावा लागतो. तिथं ती साडी मुर्शिदाबादी रेशमाची असल्याचं सांगितलं आहे, कारण तिथं बघणारी अशिमा आहे, तिला नाव ठाऊक आहे. 'मिसेस सेन्स'मध्ये कपाट उघडतं तेव्हा एकाही साडीला नाव नाही. काही झिरझिरीत, काही पडद्यासारख्या जाड, कुठं सोन्या-रुप्याची जर, कुठं काठाला गोंडे. काही हँगरवर, काही घडी घालून, काही गुंडाळीसारख्या गच्च वळलेल्या. आपल्याकडचा लेखक पैठणी, इरकली, नारायणपेठ म्हणून मोकळा झाला असता आणि वाचकानंही मान डोलावली असती. नाव नसल्यामुळं इथं आपल्याला कापड हातात घ्यावं लागतं. लातूरच्या गंजगोलाईत, सोळा रस्ते जिथं एकत्र येतात तिथल्या एखाद्या दुकानात गादीवर बसलेली बाई आधी नाव विचारत नाही. आधी पोत बघते, पदर उलगडायला लावते. एलियटची नजर अज्ञानातून नेमकी त्या जाणकार बाईच्या नजरेपर्यंत पोचते.

घरातल्या इतर वस्तूही अशाच नुसत्या बघितलेल्या आहेत. दिव्यांच्या शेडवरचं दुकानातलं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. टीव्ही आणि टेलिफोनवर झालरीची पिवळी फडकी. (टीव्हीवर क्रोशाचा रुमाल टाकणारी पिढी नांदेडात अजून हयात आहे, त्यांना हे घर पाहिल्यासारखं वाटेल.) भांगात भरायचा शेंदूर जॅमच्या छोट्या बाटलीत, आणि तो लावायला टाचणीचं चपटं डोकं. एलियटला आधी वाटतं की हिला डोक्याला काही लागलं असावं. मग ती समजावते आणि त्याला ते लग्नाच्या अंगठीसारखं काहीतरी आहे एवढं उमगतं. या टाचणीवर मी थांबलो. करंडा नाही, काडी नाही, तर जे हाताशी आहे त्यानं रोजचा शृंगार निभावून न्यायचा. सोय केली आहे, पण ती अमेरिकेतल्या स्टेशनरीच्या दुकानातून.

आता विळी. मिसेस सेन सुरीनं भाजी चिरत नाही. दिवाणखान्यात जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून, कलकत्त्याहून आणलेल्या पात्यापुढं ती तासभर बसते. लाकडी पट्टीला जोडलेलं, बाकदार, काळपट पातं. टोकाला नारळ खोवायचे दाते. मराठी वाचकाला याचं वर्णन करावंच लागत नाही, आणि अमेरिकन एलियटला मात्र ते व्हायकिंगांच्या जहाजाच्या नाळेसारखं दिसतं. ही उपमा लेखिकेची नाही, त्या मुलाची आहे; त्याच्या पुस्तकांतून आलेली. पण तिनं एक फार मोठं काम केलं आहे. घरकामाचं म्हणून ज्याकडं आपण बघतही नाही, ते अवजार एकाएकी पराक्रमाचं झालं आहे. आणि मिसेस सेन त्या पात्यावर खरोखर पराक्रमी आहे. न बघता चिरते, बोलता बोलता चिरते, पोराला दूर बसायला लावते. दोन माणसांच्या घरात एवढी भाजी लागते कशाला, हा प्रश्न वाचकाला पडतो, आणि पडावाच. ती पोट भरण्यापुरतं चिरत नाहीये.

मग ती एलियटला सांगते, की घरी लग्न असलं की आदल्या रात्री तिची आई आळीतल्या बायकांना बोलावणं धाडायची. प्रत्येकीनं आपापली विळी घेऊन यायचं, गच्चीवर मोठं रिंगण करून बसायचं आणि हसत, गप्पा छाटत रातोरात पन्नास किलो भाजी चिरायची. त्या कलकलाटात झोप लागायची नाही. आणि इथं तिला शांततेमुळं झोप लागत नाही.

लातूर-नांदेडकडच्या वाचकाला हा परिच्छेद चटकन भिडतो. उन्हाळ्यात शेवया, कुरडयांना जमणाऱ्या बायका आपण पाहिल्यात. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात सेवेला बसलेल्या अनोळखी बायाही भाजीच्या ढिगाभोवती अर्ध्या तासात एकमेकींच्या ओळखीच्या होतात. पण लगेच हळवं व्हायचं कारण नाही. आपल्या लग्नघरांतल्या विळ्या मंगल कार्यालयाच्या केटररनं कधीच गोळा करून ठेवल्या आहेत. मिसेस सेन परत गेली, तरी तिला ती गच्ची तशीच सापडेल याची खात्री कथा कुठंही देत नाही.

याच ओघात ती एलियटला विचारते, मी जिवाच्या आकांतानं ओरडले तर कुणी धावत येईल का? पोरगं खरं तेच सांगतं: कुणीतरी फोन करेल, पण आवाजाची तक्रार करायला. लाहिरींनी याची तयारी करून ठेवली आहे. एलियटच्या शेजाऱ्यांकडं मोठी पार्टी झाली, तेव्हा त्याला आणि आईला बोलावणं नव्हतं. आईनं फोन करून आवाज कमी करायला सांगितलं. म्हणजे एकटी फक्त बंगाली बाई नाही. ती अमेरिकन आई घरी आल्यावर वाईनचा ग्लास भरते, ब्रेड-चीज खाते आणि मागवलेल्या पिझ्झ्याची भूकही तिला उरत नाही. मिसेस सेन निदान आपण कशाला मुकलो ते जाणते. आणि संध्याकाळी सहा वीसला ही आई पोराला न्यायला यायच्या आत विळी, सालं, वर्तमानपत्रं, सगळं आवरून ठेवते, जणू तिथं काही चाललंच नव्हतं. हा संकोच मला त्या ओरडण्याच्या प्रश्नाहूनही जास्त टोचतो.

दोन गोष्टींनी ती खुलते: घरचं पत्र आणि ताजा, अख्खा मासा. पत्राशी आपली ओळख आहे. माशापाशी मात्र मराठवाड्यातल्या वाचकाला जरा थांबावं लागतं. गोदावरी, मांजरा आहेत, बाजारात रोहू-कटला मिळतो. पण सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत मासा, शेपूट आणि डोकंसुद्धा चाखायचं, हे वेड आपलं नव्हे. ते समजून घ्यायला पुन्हा 'द नेमसेक'चं पहिलं पान कामी येतं. गरोदर अशिमा अमेरिकन राइस क्रिस्पीजमध्ये शेंगदाणे, कांदा, लिंबू, मिरची कालवते आणि मोहरीचं तेल नाही म्हणून हळहळते. चुरमुरे भिजवून सुशीला करणाऱ्या लातूर-नांदेडला ही हळहळ कुणी समजावून सांगायला नको. जिभेची गरज म्हणजे चैन नव्हे, हे त्या पानावरून घेऊन मिसेस सेनच्या माशाकडं परत यावं.

साड्यांच्या कपाटाचा प्रसंग हा कथेचा कळस. एका दुपारी ती कपाट, खण उघडते आणि साड्या भराभर बाहेर ओढते. ही मी कधी नेसले? आणि ही? पलंगावर ढीग होतो, खोलीभर डांबराच्या गोळ्यांचा वास सुटतो. घरचे लिहितात, फोटो पाठव, नव्या आयुष्याचे फोटो पाठव. कसला फोटो पाठवू? तिकडं त्यांना वाटतं, ही बटण दाबते आणि घर झाडून होतं. नटणं ही एकटीनं करायची गोष्ट नाही, हे इथं एका शब्दाचंही भाष्य न करता कळतं. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत गेल्या. तिथल्या थंडीत त्यांनी साडी नेसण्याची पद्धत बदलून गुजराती वळणाची केली, पण साडी सोडली नाही. त्यांच्या साडीकडं दोन्ही देशांतले लोक डोळे लावून बसले होते. मिसेस सेनच्या साडीकडं बघायला फक्त एक अकरा वर्षांचं पोर आहे.

आज लातूर, नांदेडातून लग्न होऊन न्यू जर्सीला, टेक्सासला गेलेल्या मुलीला हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. घरच्या पत्राची वाट बघावी लागत नाही, चुरमुरे मिळतात, मंडळाच्या दिवाळीला पैठणी नेसता येते. फोटो तर रोज जातो. पण एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून मिळणाऱ्या व्हिसावरच्या बायकांना मे २०१५ पर्यंत नोकरीची परवानगीच नव्हती, आणि तेव्हापासूनही ती काहींनाच मिळते. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेली मुलगी दुपारी फ्लॅटमध्ये एकटी बसते, तेव्हा तिचं कसबही वर्तमानपत्रावर पसरलेलंच असतं. बर्फात साडी नेसून काढलेला हसरा फोटो गावाकडच्या ग्रुपवर येतो आणि आपण अंगठ्याचं चिन्ह टाकून मोकळे होतो. मिसेस सेनला निदान फोटो पाठवायची लाज वाटली होती.

कथेतला एक सांधा मात्र मला कच्चा वाटतो. माशाच्या दुकानापर्यंत जायला गाडी हवी, गाडीला लायसन्स हवं, आणि मिसेस सेनला गाडी चालवायची धास्ती. मासा घेऊन बसनं येताना त्याच्या वासाबद्दल कुरकुर होते. शेवटी ती धाडस करून एलियटला घेऊन गाडी काढते आणि थोड्याच अंतरावर खांबावर आदळते. दुखापत किरकोळ, पण नोकरी गेली. हा अपघात पहिल्या पानापासून येणार-येणार म्हणून दिसत असतो. आला तेव्हा नवल वाटत नाही. एवढ्या सैल हातानं चाललेल्या कथेत हीच जागा ओढून बांधल्यासारखी आहे. पण नंतरच्या पानभरात लाहिरी ते सावरतात. मिस्टर सेन खलनायक नाही; तो माफी मागतो, महिन्याचे उरलेले पैसे परत करतो, बायको आराम करतेय म्हणतो. एलियटनं मात्र तिचं रडणं ऐकलेलं आहे. त्यानंतर पोराच्या गळ्यात घराची किल्ली येते. आईचा फोन येतो आणि तो सांगतो, मी ठीक आहे.

हे 'ठीक आहे' तो मोठ्यांकडून शिकला आहे. म्हणून ही गोष्ट मिसेस सेनपुरती राहत नाही, आणि म्हणूनच माझ्या मते संग्रहातल्या नऊ कथांत ती शीर्षककथेच्याही वर बसते. पंचवीस-तीस पानांची कथा आहे, एका दुपारी वाचून होते. ज्यांची लेक किंवा सून तिकडं आहे, त्यांनी ती वाचावी आणि पुढच्या वेळी फोटो मागण्याऐवजी आज दुपारी काय केलंस, एवढं विचारावं.