मुष्टियोद्ध्यांची चित्रकार्डे आणि ठाणे-डोंबिवलीची ट्रम्प कार्डे : बाजारमूल्याच्या निकषाची चिकित्सा

प्रस्तावना

संग्रह करणे ही मनुष्याची जुनी प्रवृत्ती आहे. संग्रहातील साध्या कागदाला बाजारात मोठा भाव येणे ही मात्र त्यामानाने अलीकडची घटना होय. ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या अमेरिकन बेसबॉलपटूचे टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेले एक चित्रकार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. मुष्टियुद्धाच्या जुन्या कार्डांना एवढी किंमत येत नसली, तरी त्यांचीही स्वतंत्र बाजारपेठ आहे. अशा वार्ता वाचनात आल्या की ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील घरांतही माळ्यावरची जुनी पेटी खाली काढली जाते. तिच्यात बहुधा कुस्तीगीरांची ट्रम्प कार्डे, बबलगमसोबत मिळालेली क्रिकेटपटूंची चित्रे किंवा काडेपेट्यांचे छाप असतात. त्यांच्याविषयी पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘याचे किती येतील?’ हा. या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा निराशाजनक असते आणि त्यानंतर पेटी रद्दीत जाते. ज्या निकषाने हा निर्णय घेतला जातो, तो निकष या कागदांना कितपत लागू पडतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. मुष्टियोद्ध्याच्या कार्डाची किंमत कशी घडली?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटचे कागदी पाकीट दबू नये म्हणून त्यात जाड कागदाचा तुकडा घालण्यात येई. त्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानी येते, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानी आले. अमेरिकेतील ॲलन अँड गिंटर या कंपनीने १८८७ साली काढलेल्या जगज्जेत्यांच्या ५० कार्डांच्या मालिकेत १० मुष्टियोद्धे होते आणि त्यांत जॉन सुलिव्हन याचा समावेश होता. त्याच मालिकेत कुस्तीगीरही होते. कार्डाच्या पाठीवर मालिकेतील सर्व नावांची यादी छापलेली असे. आपल्याजवळ काय नाही, हे ग्राहकाला कळावे, हा त्यामागील हेतू उघड होता. पुढे इंग्लंडमध्ये चर्चमन कंपनीची ५० मुष्टियोद्ध्यांची मालिका १९३८ साली, तर अमेरिकेत टॉप्स कंपनीची ९६ कार्डांची ‘रिंगसाइड’ ही मालिका १९५१ साली निघाली. दरम्यान तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली होती आणि कार्डाचा ग्राहक प्रौढ पुरुषाऐवजी शाळकरी मुलगा झाला होता.

या कार्डांना आज जी किंमत येते, तिची कारणे तीन सांगता येतील. पहिले कारण दुर्मिळता. लीफ कंपनीच्या १९४८ च्या ‘नॉकआउट’ मालिकेतील रॉकी ग्राझियानोच्या कार्डाच्या फारच थोड्या प्रती ज्ञात आहेत. त्यामुळे तेच कार्ड त्या मालिकेत सर्वाधिक मोलाचे ठरले. तथापि, केवळ दुर्मिळता पुरेशी नाही. एखादी वस्तू दुर्मीळ आहे हे कळण्यासाठी ती एकूण किती प्रकारांत निघाली, याची नोंद असावी लागते. येथे दुसरे कारण येते, ते म्हणजे सूची. सिरॅक्यूज येथील जेफरसन बर्डिक या सामान्य नोकरदार संग्राहकाने १९३९ मध्ये अमेरिकन कार्डांची सूची प्रसिद्ध केली. एकोणिसाव्या शतकातील तंबाखूची कार्डे ‘एन’ या अक्षराखाली व विसाव्या शतकातील ‘टी’ या अक्षराखाली, अशी जी वर्गवारी त्याने लावून दिली, तीच आजही लिलावांच्या पत्रकांत वापरली जाते. तिसरे कारण अवस्था. १९९१ मध्ये सुरू झालेल्या पीएसए या संस्थेने कार्ड तपासून त्यास १ ते १० अशी श्रेणी देण्याची पद्धत रूढ केली. चित्र मध्यभागी आहे काय, कोपरे टोकदार आहेत काय, कडा व पृष्ठभाग निर्दोष आहेत काय, हे तीत पाहिले जाते. मँटलच्या उपरोक्त कार्डाला एका अन्य संस्थेने ९.५ इतकी श्रेणी दिलेली होती.

दुर्मिळता, सूची आणि अवस्था या तीन निकषांपैकी सर्वसामान्य चर्चेत पहिला व तिसरा तेवढा उरतो. सूचीचा विसर पडतो. वास्तविक, उरलेले दोन्ही निकष तिच्यावरच उभे आहेत.

२. ठाणे जिल्ह्यातील कागद

कल्याणपासून काही स्थानके पुढे असलेल्या अंबरनाथ येथे विमको कंपनीचा काडेपेट्यांचा कारखाना होता. स्वीडिश मॅच या उद्योगाने १९२३ साली ही कंपनी स्थापन केली. जिल्ह्यातील घराघरांत पोहोचलेल्या काडेपेट्यांवरील छाप हे मुलांच्या हाती विनामूल्य पडणारे रंगीत चित्र होते. हे छाप आणि सिगारेटची रिकामी पाकिटे जमवून मुले खेळत. खेळात प्रत्येक छापाची किंमत मुलांनी आपसात ठरविलेली असे. सर्रास मिळणारा छाप हलका, क्वचित मिळणारा भारी. म्हणजे बाजारमूल्याची कल्पना या मुलांना परकी नव्हती. फरक इतकाच की ते मूल्य चाळीपुरते, आळीपुरते मर्यादित असे आणि खेळ संपताच संपे.

दूरचित्रवाणीवर उपग्रह वाहिन्या आल्यावर, म्हणजे १९९१ नंतर, या छापांची जागा दुकानात विकत मिळणाऱ्या ट्रम्प कार्डांनी घेतली. त्यांत अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीचे संच सर्वाधिक लोकप्रिय ठरले. हल्क होगन, अंडरटेकर, योकोझुना, ब्रेट हार्ट ही नावे मराठी माध्यमाच्या वर्गांतही रुळली. प्रत्येक कार्डावर कुस्तीगीराचे छायाचित्र आणि त्याखाली उंची, वजन, छाती, दंड, क्रमांक, लढती अशी आकडेवारी असे. खेळणाऱ्याने एक रकाना पुकारावयाचा, आकडे पडताळावयाचे आणि ज्याचा आकडा सरस त्याने प्रतिस्पर्ध्याचे कार्ड घ्यावयाचे, अशी खेळाची रीत होती. क्रमांकाच्या रकान्यात मात्र लहान आकडा श्रेष्ठ.

मुष्टियोद्ध्याचे कार्ड आणि हे ट्रम्प कार्ड यांतील एक रचनात्मक भेद लक्षणीय आहे. पहिल्याच्या पाठीवर यादी किंवा माहिती असते, कारण ते जपून ठेवण्यासाठी व संच पुरा करण्यासाठी काढलेले असते. दुसऱ्याची पाठ सर्व कार्डांवर एकसारखी असावी लागते, अन्यथा हातातील पान प्रतिस्पर्ध्याला ओळखू येईल. एक संग्रहासाठी जन्माला आले, तर दुसरे खेळण्यासाठी. यावरून खेळण्याच्या वस्तूला संग्रहाच्या वस्तूचे मोजमाप लावण्यातील विसंगती स्पष्ट होते.

या संचांचा आणखी एक पैलू समीक्षेला पात्र आहे. कोणत्या शरीराची आकडेवारी मुलांच्या मुखी असावी, हे या कार्डांनी ठरविले. परदेशी कुस्तीगीराच्या दंडाचा घेर ज्यांना पाठ होता, त्यांपैकी किती जणांना कराडनजीकच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोणत्या वजनगटात लढले, हे सांगता आले असते? १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी बँटमवेट गटात मिळविलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. तालमीची परंपरा असलेल्या प्रदेशातील मुलांना कुस्तीचे आकडे परक्या मनोरंजन-उद्योगाकडून मिळाले, ही बाब जागतिकीकरणाच्या स्थानिक इतिहासात नोंदविण्यासारखी आहे आणि तिचा साधा, हाती धरता येणारा पुरावा म्हणजे ही कार्डे होत.

३. दोष की पुरावा?

श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने अशा संचांतील बहुतेक कार्डे निकृष्ट ठरतील. कोपरे गोल झालेले असतात, रबराच्या पट्टीने कडेला खाच पडलेली असते, दुसऱ्याच्या संचात मिसळू नये म्हणून बॉलपेनने नाव वा खूण केलेली असते. हरवलेल्या कार्डाच्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा कापून त्यावर हाताने आकडे लिहिलेले असावेत, हेही अशक्य नाही. बाजाराच्या भाषेत हे सारे दोष आहेत.

सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र हेच दोष आधी वाचावयास हवेत. कोणते कार्ड अधिक झिजले आहे, यावरून कोणते पान खेळात अधिक फिरले, याचे अनुमान बांधता येते. नाव लिहिलेले असल्यास वस्तूच्या मालकीची जाणीव दिसते. हाताने केलेले पान हे तर संच अपुरा राहू नये, या इच्छेचे आणि नवा संच सहज मिळत नव्हता, या परिस्थितीचे एकत्रित साक्ष्य होय. आई-वडील दोघेही लोकलने मुंबईस नोकरीला जाणाऱ्या घरांतील मुलांच्या दुपारी कशा गेल्या, हे कोणत्याही सरकारी दप्तरात सापडत नाही. ते अशा कागदांच्या झिजलेल्या कोपऱ्यांत थोडेबहुत शिल्लक आहे. न हाताळलेला, वेष्टनातील संच बाजारात वरचढ ठरेल, पण या विषयाबाबत तो मुका असेल.

परदेशातील उदाहरणेही हाच मुद्दा पुष्ट करतात. कॅशियस क्ले, म्हणजे पुढील काळातील महंमद अली, याचे प्रारंभीचे एक बहुमोल कार्ड स्वीडनमधील ‘हेमेट्स जर्नल’ या साप्ताहिकाने १९६० मध्ये दिलेल्या मालिकेतील आहे. ही कार्डे अंकातील पानावरून कात्रीने कापून घ्यावयाची होती. त्यामुळे त्याची कड सरळ आहे की वाकडी, हे कोण्या स्वीडिश वाचकाच्या कात्रीवर अवलंबून राहिले. वाचकाने साप्ताहिकाची सूचना पाळली म्हणूनच ते कार्ड ‘कार्ड’ झाले. बर्डिकचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याने आपला तीन लाखांहून अधिक छापील वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयाला दिला आणि संधिवाताने जर्जर झालेल्या हातांनी १९६३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपूर्वी जेमतेम काही आठवडे आधीपर्यंत, ती कार्डे वह्यांत चिकटवीत राहिला. आजच्या श्रेणीपद्धतीनुसार पाठीला डिंक लागलेले कार्ड सदोष ठरते. ज्याच्या सूचीवर सारी बाजारपेठ उभी आहे, त्याचाच संग्रह त्या बाजारपेठेच्या परीक्षेत मागे पडावा, यातील विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

४. एक आक्षेप

यावर असा आक्षेप घेता येईल की, किंमत आल्यानेच वस्तू टिकतात. ज्याला भाव नाही, ते कोणी जपत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. बर्डिकच्या सूचीतही किमती दिलेल्या होत्या आणि मुष्टियुद्धाची जुनी कार्डे नष्ट होण्यापासून वाचली, यात व्यापाऱ्यांचा वाटा नाकारता येत नाही. परंतु बाजार निवडून वाचवितो. तो ग्राझियानोचे एक कार्ड वाचवितो, पण एखाद्या मुलाचा झिजलेला पूर्ण संच मोडून त्यातील बरी दिसणारी दोन पाने तेवढी उचलतो. शिवाय आपल्याकडे विक्रेत्याने मागितलेली किंमत हीच वस्तूची किंमत समजली जाते. प्रत्यक्ष झालेल्या विक्रीची नोंद हाती नसताना ‘दुर्मीळ’ हे विशेषण केवळ जाहिरातीचे ठरते. एकूण प्रकार किती, छापले कोणी, कोणत्या वर्षी, यांची सूची हाताशी नसेल तर दुर्मिळतेचा दावा तपासताच येत नाही. व्यावसायिक कुस्तीच्या या कंपनीने २००२ साली आपली नाममुद्रा बदलली. पण तेवढ्यावरून संचाचा काळ ठरविणेही धोक्याचे आहे, कारण नक्कल छापणारा जुनाच मजकूर पुढे चालवू शकतो.

कायद्याचे संरक्षणही या कागदांना नाही. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधीविषयक अधिनियमानुसार पुरावस्तू किमान शंभर वर्षांची, तर ऐतिहासिक मूल्य असलेले हस्तलिखित वा दस्तऐवज किमान पंच्याहत्तर वर्षांचे असावे लागते. ट्रम्प कार्ड त्या वयाला पोहोचेपर्यंत ते शिल्लक राहील काय, हा खरा प्रश्न आहे. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात घर रिकामे करताना सर्वप्रथम माळाच रिकामा होतो.

समारोप

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून कार्यरत आहे. ग्रंथ जपण्याची रीत या परिसराला शिकविण्याची गरज नाही. जो कागद ग्रंथ नाही, नियतकालिक नाही आणि दस्तऐवजही नाही, त्याच्यासाठी मात्र अजून जागा निर्माण व्हावयाची आहे. या कामासाठी मोठा निधी लागत नाही. विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून आपल्या परिसरातील एकेक संच पाहावा, त्यातील नावे व रकाने उतरवून घ्यावेत, वेष्टनावरील किंमत व छापणाऱ्याचे नाव टिपावे, तो कोठून घेतला आणि कोणत्या नियमांनी खेळला गेला, हे मालकाकडून विचारून लिहावे, आणि झीज दुरुस्त न करता तिचेही वर्णन नोंदवावे. हे सांगू शकणारी पिढी आज चाळिशीच्या आसपास आहे व तिची स्मृती ताजी आहे.

मुष्टियोद्ध्याच्या कार्डाचा इतिहास असे दाखवितो की, आधी एका नोकरदाराने चिकाटीने सूची केली आणि त्यानंतर तिच्या आधारे बाजार उभा राहिला. ठाणे-डोंबिवलीच्या ट्रम्प कार्डांना उद्या भाव येईल किंवा येणारही नाही. सूची झाली असेल तर दोन्ही परिस्थितींत अभ्यासकाचे काम अडणार नाही. सूचीविना आलेला भाव मात्र केवळ अफवा ठरेल आणि सूचीविना गेलेली पेटी पुन्हा मिळणार नाही. म्हणून ‘याचे किती येतील?’ या प्रश्नाआधी ‘यात काय काय आहे?’ हा प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे.