घाट उतरण्याचा धडा

ट्रकच्या सिम्युलेटरवर धुकं पडतं, पाऊस कोसळतो, मधूनच कुणी आडवं येतं. मला त्यात फारसा रस वाटत नाही; दचकायला शिकवावं लागत नाही. या यंत्राची खरी करामत दिसते ती घाट उतरण्याच्या धड्यात, जिथे बराच वेळ काहीच घडत नाही.

बोरघाटासारख्या उतारावर 40 टनांची गाडी 500 मीटर खाली आली, की सुमारे 200 मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या ऊर्जेत सहाशे लिटर पाण्याला उकळी फुटेल. इंजिनाने ती अंगावर घेतली नाही, तर सारा भार ब्रेकवर. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटत जाते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणाऱ्याला हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. खऱ्या रस्त्यावर कोणता उस्ताद हे करून दाखवणार?

सिम्युलेटर दाखवतो, तेही घाई न करता. पहिल्या वळणावर ब्रेक चोख. पुढे किंचित आळसावलेला. मग पाय जास्त दाबावा लागतो, पुन्हा पुन्हा दाबल्याने हवेचा काटाही उतरू लागतो. या सगळ्याखाली एक देखणी लबाडी चालू असते. ब्रेक लावला की केबिन हळूच पुढे कलते, पडदाही तिच्यासोबत कलतो, आणि पुढे ओढणारं स्वतःचंच वजन शरीराला ब्रेकचा जोर वाटतं. हा कल इतका संथ, की कानातल्या तोलाच्या इंद्रियाला पत्ता लागत नाही.

शेवटी पडद्यावर कठडा तुटल्यावर प्रशिक्षक चित्रण मागे नेतो, थेट घाटमाथ्यापर्यंत. चूक तिथे झाली, गिअर निवडताना. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हे क्लीनर असल्यापासून ऐकलेलं; त्यामागचं कारण आत्ता दिसतं.

जळक्या लायनरचा वास मात्र नसतो, हे खटकतं. ट्रेलर मागे घेण्याचा धडा तर साफ फसतो: मान पुढे काढली तरी बहुतेक यंत्रांतला पडद्यावरचा आरसा तेच दाखवत राहतो. नियमांतही एकमत नाही. युरोपीय संघाच्या निर्देशानुसार पूर्ण प्रशिक्षणातल्या चालवण्याच्या 20 तासांपैकी 8 तासांपर्यंत उत्तम दर्जाचा सिम्युलेटर चालतो. अमेरिकेत 2022 पासून लागू झालेल्या नियमात प्रत्यक्ष चालवण्याच्या सरावात तो धरतच नाहीत. घाटापुरता मी युरोपच्या बाजूचा. यार्डात गाडी मागे घ्यायची असेल, तर अमेरिकेचं ऐकावं.