दशावतारातील शब्दाची सत्ता

रंगभूमीवर नटाच्या तोंडचा शब्द कोण ठरवितो, हा प्रश्न अमेरिकेत गोरा दिग्दर्शक आणि कृष्णवर्णी नट यांच्या संबंधात तीव्रतेने विचारला गेला. सिंधुदुर्गाच्या दशावतारात हाच प्रश्न बोलीच्या उच्चनीचतेतून उभा राहतो.

दशावतारास परंपरेने लिखित संहिता नाही. आधुनिक अर्थाचा दिग्दर्शकही नाही. प्रयोगापूर्वी आख्यानाचे कथासूत्र ठरते; संवाद नटाने रंगमंचावर स्वतःच रचावयाचे असतात. मंडळी मालकाची असली, तरी शब्द नटाचा. यावरून ही रंगभूमी समतेची आहे असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. संहितेने न घातलेले बंधन येथे संकेताने घातले आहे. देव आणि राजे प्रमाण, संस्कृतप्रचुर मराठी बोलतात. मालवणीला हक्काचे स्थान मिळते ते आडदशावतारातील संकासुराच्या तोंडी. काळ्या वेषातला, वेद चोरणारा हा असुर सूत्रधाराशी गावच्या बोलीत हुज्जत घालतो, हशा पिकवितो आणि अखेर विष्णूच्या हातून मारला जातो. प्रेक्षकांची घरची भाषा अशा रीतीने हास्यास आणि पराभवास बांधली गेली आहे.

गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० मध्ये हा संकेत मोडला. मच्छिंद्र कांबळी यांनी गाजविलेल्या या नाटकात गावकरी पौराणिक नाटक करतात आणि महाभारतातील पात्रांच्या तोंडीही मालवणी येते. तात्या सरपंचाची नटांवरील हुकमत कलेतून आलेली नसून गावातील पदातून आलेली आहे. म्हणूनच ती पदोपदी हास्यास्पद ठरते. नाटकाचे ५००० हून अधिक प्रयोग झाले. तथापि एक शंका उरते: मालवणी राजवाड्यात शिरली, पण हशाची अट सुटली काय? गंभीर शोक त्या बोलीत व्यक्त व्हावा, ही अपेक्षा ‘वस्त्रहरण’ पुरी करीत नाही. प्रहसन म्हणून तशी त्याची प्रतिज्ञाही नाही.

अभ्यासकांवरही येथे एक जबाबदारी येते. दशावताराचा प्रयोग ध्वनिमुद्रित करून त्याची संहिता छापली, तर तिचा कर्ता कोण? संपादकाचे नाव मुखपृष्ठावर आणि नटांची नावे ऋणनिर्देशात, ही व्यवस्था न्याय्य म्हणता येणार नाही. ज्याने शब्द रचला, त्याची नोंद रचनाकार म्हणूनच व्हावयास हवी. अन्यथा मालकाने न घेतलेला शब्द संशोधक घेईल.