कुंभार गेला म्हणून घडा फुटावा का?



आजचा विषय कळल्यावर एका स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, जन्मभर न्याय-वैशेषिक शिकवलंत, आता हे डीबगरचं खूळ कुठून शिरलं डोक्यात?" शिरलं ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. मी प्रोग्रॅमर नाही. पण ग्रंथ वाचायचा आणि त्यात न बोलता धरून चाललेलं काय आहे ते शोधायचं, हे काम मी चाळीस वर्षं केलं. डीबगरची नियमपुस्तिका हाही एक ग्रंथच, तेव्हा तिची समीक्षा करायला हरकत नसावी.

आधी थोडी तोंडओळख. चालत्या प्रोग्रॅमला मध्येच थांबवून त्याच्या पोटात काय चाललंय ते दाखवतो तो डीबगर. जीडीबी हा त्यातला सुप्रसिद्ध, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला. तपासायचा प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर असेल, तर त्या यंत्रावर जीडीबीसर्व्हर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम चालवतात. जीडीबी इथे तुमच्या टेबलावर, सर्व्हर तिथे, मध्ये नेटवर्क किंवा सिरियल केबल. इथून हुकूम सुटतो, तिथे तो अमलात येतो. ज्या प्रोसेसवर हा अंमल चालतो तिला जीडीबीच्या परिभाषेत 'इन्फीरिअर' म्हणतात. इन्फीरिअर म्हणजे कनिष्ठ. शब्द निरागसपणे आला असेल, पण तो लक्षात असू द्या.

आता विद्यार्थ्याची गोष्ट. त्यानं एका दूरच्या यंत्रावर सर्व्हरमार्फत एक प्रोग्रॅम सुरू केला. दोष काही सापडेना, म्हणून चालू ठेवला. दरम्यान पलीकडच्या सहकाऱ्यांनी त्याच चालत्या प्रोग्रॅमवर आपली रात्रभराची चाचणी लावली. संध्याकाळी यानं कंट्रोल-सी दाबून प्रोग्रॅम थांबवला, 'क्विट' लिहिलं, समोर आलेल्या प्रश्नाला सवयीनं 'वाय' दिला आणि घरी गेला. सकाळी बोलणी खाल्ली. मला म्हणाला, "सर, मी फक्त बाहेर पडलो. मी काहीच मारलं नाही."

त्याचं हे वाक्य खरं की खोटं, एवढाच आजचा प्रश्न आहे.

निरोप घेण्याचे चार मार्ग जीडीबीत आहेत. 'डिटॅच' म्हणजे प्रोसेसला मोकळं सोडणं, ती आपली पुढे चालू लागते. 'डिसकनेक्ट' म्हणजे संबंध तोडणं, पण प्रोसेस सहसा थांबलेलीच राहते, पुन्हा कुणी जोडून घेईल याची वाट पाहत. 'किल' म्हणजे मारणं. या तिघांचे अर्थ स्वच्छ आहेत. चौथा 'क्विट', म्हणजे मी निघालो. त्यात प्रोसेसचं काय होणार हे त्या शब्दात कुठेच नाही.

मग ते ठरतं कसं? जीडीबी सर्व्हरला एक प्रश्न विचारतो, त्याचं नाव 'क्यूअटॅच्ड'. ही प्रोसेस आधीपासून चालू होती आणि तू तिला नंतर जोडून घेतलंस, की तूच तिला जन्म दिलास? उत्तर १ आलं तर ती आधीची, म्हणून सोडून द्यायची. ० आलं तर ती आपण जन्माला घातलेली, म्हणून जाताना मारून जायचं. म्हणजे शेवट कसा होणार, हे जन्मावरून ठरतं! तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही एक दोष शिकवायचो: वस्तूची किंमत तिच्या उगमावरून ठरवणं. इथे तो दोष नियम होऊन बसलाय.

घाई नको, जीडीबीची बाजूही ऐकू. नैयायिक सांगतात, कुंभार हे घड्याचं निमित्तकारण. कुंभार गेला तरी घडा राहतो. पण ते एक अपवादही मानतात. दोन आंबे समोर आहेत. 'हा एक, हा एक' अशी मोजणारी बुद्धी, तिला अपेक्षाबुद्धी म्हणतात, तिच्यामुळे द्वित्व निर्माण होतं. ती बुद्धी नष्ट झाली की द्वित्वही नष्ट. जीडीबीचं म्हणणं असं, की मी सुरू केलेली प्रोसेस द्वित्वासारखी आहे. तपासण्यासाठी जन्मली, तपासणारा उठला, तिचं काम संपलं. आपल्या टेबलावरच्या यंत्रात हे बरोबरच आहे. नाहीतर अर्धवट प्रोसेस मेमरी आणि पोर्ट अडवून बसतील, आणि दुसऱ्या दिवशी आपणच कपाळावर हात मारू.

पण यंत्र दूर गेलं की गृहीतक बदलतं. तिथे दुसरी माणसं आहेत. संध्याकाळपर्यंत त्या द्वित्वाचा घडा झाला होता, कुणीतरी त्यात पाणी भरायला लागलं होतं. ० आणि १ या दोन अंकांत ही गोष्ट मावत नाही. जीडीबी निघताना विचारतो, हे मान्य. प्रोसेस मारली जाईल, असं स्पष्ट बजावतोही. पण विचारतो कुणाला? निघणाऱ्याला. ज्याचं पाणी सांडणार आहे त्याला नाही. आणि जीडीबी बॅच पद्धतीनं चालवला, तर तेवढंही विचारत नाही.

मारण्याच्या हुकुमाकडेही पाहा. जुना संदेश नुसता 'के' एवढाच. त्याचा नेमका परिणाम काय, हे निश्चित केलेलं नाही असं नियमपुस्तिका स्वतःच सांगते. एक प्रोसेस मरेल, अनेक मरतील, किंवा अख्खं यंत्र रीसेट होईल. या संदेशाला उत्तरही नसतं. पलीकडून लगेच संबंध तुटला, तर जीडीबी काम फत्ते झालं असं समजतो. मौनाला संमती मानणं ऐकलं होतं, इथे मौन म्हणजे मरणाचा दाखला! नेमकी कोणती प्रोसेस मारायची हे सांगणारा 'व्हीकिल' नंतर आला, ही सुधारणाच म्हणायची.

शिवाय हुकूम देणारा कोण, हे हा सर्व्हर विचारतच नाही. त्याला स्वतःची सुरक्षाव्यवस्था नाही. म्हणून तो सार्वजनिक नेटवर्कवर उघडा ठेवू नका, असा इशारा पुस्तिकेत आहे. प्रोसेसच्या जन्माची चौकशी होते, हुकूम देणाऱ्याची होत नाही.

मग करायचं काय? विद्यार्थ्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. ज्या प्रोग्रॅमवर इतर कुणी विसंबणार असेल, तो सर्व्हरकरवी जन्माला घालू नकोस. आधी स्वतंत्र सुरू कर, मग सर्व्हरला 'अटॅच' करायला सांग, म्हणजे उत्तर १ येईल. आणि जाताना 'क्विट' म्हणण्याआधी स्वतःच्या तोंडानं 'डिटॅच' म्हण.

राहिलं त्याचं वाक्य. "मी फक्त बाहेर पडलो." ते खरं आहे, पण अपुरं आहे. तो ज्या दारानं बाहेर पडला, त्या दारालाच मारण्याची यंत्रणा जोडलेली होती, आणि दारावर तसं लिहिलेलंही होतं. दोष अर्धा दार बांधणाऱ्याचा, अर्धा न वाचणाऱ्याचा. माझा विद्यार्थी आहे, म्हणून त्याचा अर्धा मी मोठा धरतो.

तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.