‘प्राग्वात’ आणि मालवणचा वारा

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायात श्वासरोगाचे महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक आणि क्षुद्र असे पाच प्रकार वर्णिले आहेत. यांपैकी तमकश्वास हा आपल्या दम्याशी पुष्कळसा जुळतो. छातीतील घुरघुर, निजताच वाढणारी व उठून बसल्यावर उतरणारी धाप, उष्णाची आवड ही त्याची लक्षणे होत. ढग, पाऊस, थंडी व प्राग्वात यांनी तो बळावतो, असेही तेथे म्हटले आहे.

‘प्राग्वात’ म्हणजे पूर्वेचा वारा. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे भाषांतर निर्दोष आहे. परंतु मालवणच्या वाचकाची ते दिशाभूल करते. उत्तर भारताच्या मैदानात पावसाळी, दमट वारा पूर्वेकडून येतो. म्हणूनच सुश्रुतसंहितेत पूर्वेचा वारा स्निग्ध व जड, तर पश्चिमेचा कफ शोषणारा ठरला आहे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर स्थिती नेमकी उलटी आहे. जून ते सप्टेंबर या काळात पाऊस आणणारा वारा नैऋत्येकडून, समुद्रावरून येतो. एरवी दिवसा वाहणारे खारे वारेही पश्चिमेचेच. सह्याद्रीकडून येणारा पूर्वेचा वारा त्यामानाने कोरडा असतो. शब्दाला चिकटून राहणारा रोगी येथे ओल्या वाऱ्याकडील खिडकी उघडी ठेवील आणि कोरड्या वाऱ्याकडील बंद करील.

मूळ ग्रंथात बदल करण्याचा अधिकार भाषांतरकारास नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि त्याचे उत्तर ग्रंथातच सापडते. चरकाने कल्पस्थानात देशाचे जांगल, आनूप व साधारण असे भेद केले आहेत. नारळी-केळींची दाटी, नद्या, समुद्रकिनारा आणि थंड वारे हे आनूप देशाचे वर्णन वाचताना मालवणच डोळ्यांपुढे उभे राहते. देशानुसार विचार करावा हा शास्त्राचाच दंडक असेल, तर शब्दार्थही देशानुसार उलगडून सांगणे हे प्रामाणिक भाषांतराचे कर्तव्य ठरते. मूळ शब्द राखावा आणि टीपेत ‘पावसाळी, दमट वारा’ असा अभिप्रेत अर्थ द्यावा.

प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. दमा ही श्वासमार्गाच्या दाहाची व्याधी आहे, हे आज ज्ञात आहे. ओलावा, बुरशी, धूर यांपासून जपणे उपयुक्त असले, तरी श्वासावाटे घ्यावयाची औषधे त्यामुळे अनावश्यक ठरत नाहीत. अडुळशातील वासिसीनपासून ब्रोमहेक्झीन हे कफ पातळ करणारे औषध सिद्ध झाले खरे. पण कफ सुटणे म्हणजे दाह शमणे नव्हे. बोलताना वाक्य पुरे होईना, ओठ निळे पडू लागले, की काढा उकळीत न बसता रुग्णालय गाठावे.

प्राचीन वैद्याने आपल्या प्रदेशातील वारा बारकाईने पाहिला होता. त्याचा शब्द जतन करताना त्याची ती दृष्टीही आपण जतन केली पाहिजे.