‘स्मृतिचित्रे’तील श्रद्धा

मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांची चर्चा निघाली की लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा उल्लेख झाल्यावाचून राहत नाही, आणि त्याबरोबर सहज, निर्मळ, विनोदी, घरगुती ही ठरलेली विशेषणेही येतात. १९३४ पासून चार भागांत निघालेल्या या ग्रंथाला ती शोभतात, यात वाद नाही. परंतु हा ग्रंथ एका श्रद्धावान ख्रिस्ती स्त्रीने लिहिलेला आहे, ही गोष्ट आपण, म्हणजे ख्रिस्तेतर वाचक, सौजन्यपूर्वक बाजूला ठेवत आलो आहोत. विनोद आपला आणि श्रद्धा त्यांची, अशी जणू वाटणीच झाली आहे. भाविक चरित्रकारांची दृष्टी याच्या नेमकी उलट असते. त्यांना धर्मांतर हवे असते. नवरा-बायकोची भांडणे नको असतात. या दोन्ही वाचनांत ग्रंथावर अन्याय होतो, असे माझे नम्र मत आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद आणि त्यांची श्रद्धा या दोन गोष्टी नव्हेतच.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरातला. बाजारातून आणलेले वाणसामानही धुऊन घेण्यापर्यंत वडिलांच्या सोवळ्याची मजल गेलेली. त्या सोवळ्यापायी लहानपणी झालेला जाच त्या सांगतात, पण वडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाहीत. पुढे पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा या सोवळ्यात वाढलेल्या स्त्रीवर आकाशच कोसळले. काही वर्षे पतिपत्नी दुरावली. नंतर त्या अहमदनगरला टिळकांकडे आल्या त्या स्वतःचे सोवळे सांभाळून, वेगळी चूल मांडून. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० चा. मधला काळ हाच या ग्रंथाचा गाभा होय.

या काळात टिळकांनी त्यांना उपदेशाने जिंकले असे ग्रंथ म्हणत नाही. एका प्रवासात लक्ष्मीबाई एकट्या विचार करू लागतात. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या, तर पशुपक्ष्यांत दिसतो तसा काही भेद माणसांतही दिसला असता. दिसतो तो स्त्री आणि पुरुष एवढाच. तेव्हापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास हरकत मानायची नाही, असा निश्चय त्या करतात. तोवर त्या ख्रिस्ती झालेल्या नाहीत. पुढे होणाऱ्या बाप्तिस्म्याचे वजन या प्रसंगाने आधीच पेललेले आहे. श्रद्धेचा उगम इथे चमत्कारात नाही. स्वतःच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टीला प्रश्न विचारण्यात आहे. आणि त्याआधी आपण सोवळे कसकसे जपले, हे सांगताना त्या स्वतःलाच हसतात.

शासकीय सेवेत असताना जबान्या वाचण्याचे काम माझ्या वाट्याला पुष्कळ आले. त्यातून एक खूणगाठ बांधली गेली: जबानी देणाऱ्याच्या विरुद्ध जाणारा तपशील जिथे आपणहून आलेला असतो, तिथे बहुधा सत्य असते. ‘स्मृतिचित्रे’त असा तपशील पानोपानी आहे. स्वतःचा राग, हट्ट, अज्ञान, लिहिताना जोडाक्षरांनी केलेली फजिती, यांपैकी काही झाकलेले नाही. टिळकांच्या बाबतीतही तेच. त्यांचे कवित्व आणि औदार्य जसे दिसते, तसा त्यांचा तापट स्वभाव आणि पैशाच्या व्यवहारातील बेफिकिरीही दिसते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ या कल्पनेला वाहून घेतले. थोर पुरुषाच्या चरित्रात हा त्यागाचा तेजस्वी क्षण ठरतो. त्याच त्यागाला घरखर्चाचीही बाजू असते, ती मात्र पत्नीच दाखवू शकते. दुष्काळाच्या व प्लेगच्या दिवसांत निराधार मुले घरात आली, त्यांना खाऊ घालणारे हातही याच स्त्रीचे. म्हणून तिची श्रद्धा पोकळ वाटत नाही.

समकालीन पंडिता रमाबाईंशी तुलना केली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे झाला. त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित करून १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचताना दिसते की गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्या वर्षानुवर्षे वाद घालत होत्या. त्रैक्याच्या सिद्धांतावर वाद, मांसाहार न करण्यावरून वाद, पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास बिशपांनी घेतलेल्या हरकतीवरून वाद, इतकेच काय, क्रुसावरील अक्षरे लॅटिनच का असावीत, संस्कृत का नसावीत, यावरूनही वाद. लक्ष्मीबाई हसून जे करतात ते रमाबाई युक्तिवादाने करतात. एकीला जोडाक्षरे अवघड, दुसरी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणणारी विदुषी. तरी दोघींनीही स्वतःच्या बुद्धीला प्रामाणिक राहूनच देव स्वीकारला.

दोघींनी आपली भाषाही सोडली नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय रचून पुढे नेले, आणि ते ओवीत. ख्रिस्ताची कथा ज्ञानेश्वरांच्या छंदात सांगताना त्यांना काही विसंगत वाटले नाही. नवा धर्म घेतला म्हणजे जुनी भाषा परकी होते असे मानणाऱ्यांना, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, याहून चांगले उत्तर नाही. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना तर त्याचे मोल विशेष वाटावे.

ग्रंथात उणिवा नाहीत असे नव्हे. पुढच्या भागांत माणसांची आणि गावांची गर्दी होते, पहिल्या भागाची घट्ट वीण सैलावते. चौथा भाग तर लेखिकेच्या पश्चात प्रसिद्ध झाला. १९३६ मध्ये त्या निवर्तल्या होत्या. म्हणून अनेक वाचक सुरुवातीच्या गमतीदार प्रकरणांवरच थांबतात. पण ज्या स्त्रीची गंमत आपल्याला आवडली, ती पुढे कशाच्या बळावर जगली, हे कळायला उरलेली पाने वाचावीच लागतात. भाविक स्त्रियांच्या चरित्रांतून घेण्यासारखे काही असेल, तर ते त्यांच्या निष्कर्षांत असलेच पाहिजे असे नाही. त्या निष्कर्षापर्यंत पोचताना त्यांनी स्वतःला किती सवलत दिली, हे पाहावे. लक्ष्मीबाईंनी ती मुळीच दिली नाही.