युद्धकालीन रायफली व काडतुसांवरील उत्पादक-चिन्हे : एक चिकित्सक वाचन

प्रस्तावना :

दुसऱ्या महायुद्धातील (१९३९-१९४५) रायफली आणि काडतुसे आज संग्रहालयांत, खाजगी संग्राहकांकडे आणि जुन्या रणभूमींच्या मातीत आढळतात. त्यांच्यावर कोरलेल्या अक्षरांवरून व अंकांवरून उत्पादक कोण, वर्ष कोणते, तपासणी कोणी केली हे ओळखण्याचे एक स्वतंत्र शास्त्रच गेल्या काही दशकांत विकसित झाले आहे. या शास्त्राने अत्यंत चिकाटीने माहिती जमवली, हे मान्य करावे लागते. तथापि चिन्ह ओळखले म्हणजे वस्तूचा इतिहास समजला, असे त्यात जे गृहीत धरले जाते, ते तपासून पाहण्याची गरज आहे. नाणी, ताम्रपट व जुने कागद यांच्या बाबतीत साधनचिकित्सा अनिवार्य मानली जाते. शस्त्रावरील ठसा हेही एक लिखित साधन आहे. ते कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले आणि त्यातून काय वगळले, हे प्रश्न त्यालाही विचारले पाहिजेत. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने जर्मनीच्या 'काराबिनर ९८के' या रायफलीच्या व तिच्या काडतुसांच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे.

चिन्हव्यवस्थेचे स्वरूप :

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या शस्त्रनिर्मितीवर कडक बंधने घातली. १९३४ च्या सुमारास पुनर्शस्त्रीकरणाला वेग आला, तेव्हा कारखान्यांची नावे उघड होऊ नयेत म्हणून सांकेतिक खुणा वापरात आल्या. ओबर्नडोर्फ येथील माउझर कारखान्याची खूण 'एस/४२' अशी होती. वर्षही अक्षरांत लपवले जाई. 'के' म्हणजे १९३४ आणि 'जी' म्हणजे १९३५. पुढे वर्ष उघडपणे अंकांत येऊ लागले. १९४० नंतर अंकांऐवजी अक्षरी संकेत रूढ झाले. माउझर ओबर्नडोर्फचा संकेत 'बीवायएफ' झाला, श्टायर कारखान्याचा 'बीएनझेड', वायमार येथील गुस्टलोफ कारखान्याचा 'बीसीडी' आणि जर्मनव्याप्त ब्र्नो येथील कारखान्याचा 'डीओटी'.

या संकेतांशेजारी गरुड व क्रमांक असलेले लहान ठसे दिसतात. ते लष्कराच्या शस्त्रविभागाच्या तपासनिसांचे आहेत. वस्तू कोणी बनवली हे तो ठसा सांगत नाही. ती कोणी तपासून स्वीकारली एवढेच सांगतो. अनेक संग्रहालयांच्या पाट्यांवर या दोहोंची गल्लत झालेली असते.

काडतुसाच्या पुंगळीच्या बुडावरही असाच मजकूर असतो : उत्पादकाचा संकेत, पुंगळीच्या धातूची खूण, उत्पादनाच्या गटाचा क्रमांक आणि वर्ष. 'एस' अक्षर व तारका ही खूण ७२ टक्के तांबे असलेल्या पितळेची, तर 'एसटी' ही पोलादाची. तांब्याची टंचाई वाढत गेली, तसतशी पितळी पुंगळीची जागा पोलादी पुंगळीने घेतली. अर्थव्यवस्थेवरील ताण अशा रीतीने बोटाच्या पेराएवढ्या जागेत नोंदवला गेला.

ओळखीचे शास्त्र आणि त्याचा आधारग्रंथ :

या संकेतांचा उलगडा ज्या आधारे होतो, ती जर्मन लष्कराच्या मुख्यालयाने १९४४ मध्ये छापलेली उत्पादक-संकेतांची यादी होय. युद्धोत्तर काळातील बहुतेक हस्तपुस्तिका तिच्यावर उभ्या आहेत. ही यादी मौलिक आहे. परंतु ती कार्यालयीन सोयीसाठी केलेली आहे, हे विसरता येत नाही. कोणत्या कंपनीला कोणता संकेत दिला, हे ती सांगते. त्या संकेताखाली प्रत्यक्ष काम कोणत्या इमारतीत, कोणाच्या हातून आणि कोणत्या परिस्थितीत झाले, हे सांगणे तिचे कामच नव्हते. रायफलीचा दस्ता एका ठिकाणी, नळी दुसऱ्या ठिकाणी आणि लहान सुटे भाग तिसऱ्या ठिकाणी तयार होत असत. म्हणून मुख्य भागावरील एका संकेतावरून संपूर्ण वस्तूचा उत्पादक ठरवणे हे सोयीचे असले, तरी काटेकोर नाही.

संग्राहकांच्या व्यवहाराने या मर्यादेत आणखी भर घातली आहे. सर्व भागांवरील क्रमांक जुळणारी रायफल अधिक मोलाची ठरते. दुर्मीळ संकेताला अधिक किंमत येते. जेथे ठशाला किंमत असते, तेथे बनावट ठसाही येतोच. परिणामी अभ्यासाचे लक्ष 'अस्सल की नक्कल' आणि 'सामान्य की दुर्मीळ' या दोन प्रश्नांभोवती फिरत राहते. हे प्रश्न निरर्थक नाहीत. मात्र ते बाजाराने विचारलेले आहेत; इतिहासाचे प्रश्न त्यांच्या पुढे सुरू होतात.

चिन्हाची दुहेरी गरज :

सांकेतिक चिन्हात एक अंगभूत विसंगती आहे. शत्रूला कारखान्याचे नाव कळू नये म्हणून ते लपवायचे असते. पण सदोष माल कोठून आला हे स्वतःच्या लष्कराला कळावे म्हणून ते लिहावेही लागते. नाव लपवता येते, क्रमवारी सोडता येत नाही. नेमक्या याच ठिकाणी मित्रराष्ट्रांच्या अर्थतज्ज्ञांनी प्रवेश केला. हस्तगत केलेल्या जर्मन साहित्यावरील अनुक्रमांक, तारखा व कारखान्यांच्या खुणा यांवरून त्यांनी उत्पादनाचे संख्याशास्त्रीय अंदाज बांधले. या कामाचा वृत्तांत रिचर्ड रगल्स व हेन्री ब्रोडी यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. ऑगस्ट १९४२ मधील रणगाड्यांच्या उत्पादनाचा पारंपरिक हेरखात्याचा अंदाज १,५५० होता, क्रमांकांवरून काढलेला अंदाज ३२७ होता आणि युद्धानंतर जर्मन नोंदींत सापडलेला आकडा ३४२ होता.

हे उदाहरण रणगाड्यांचे असले, तरी त्यातील तत्त्व रायफलीलाही लागू आहे. एकटा ठसा ओळख पटवतो. अनेक ठसे एकत्र आणले की ते व्यवस्था उघड करतात. तरीसुद्धा या पद्धतीने मोजल्या गेल्या त्या वस्तू. माणसे या मोजणीच्या बाहेर राहिली.

बदललेली नावे, हिरावलेली मालकी :

झूल येथील 'सिमसन' या शस्त्रकंपनीचे उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. ही कंपनी एका ज्यू कुटुंबाच्या मालकीची होती. नाझी राजवटीने १९३५-३६ मध्ये ती त्या कुटुंबाकडून हिसकावून घेतली आणि कुटुंबाला देश सोडावा लागला. कारखान्याचे नाव आधी 'बर्लिन-झूलर' असे बदलले. त्यानंतर १९३६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मारल्या गेलेल्या नाझी पुढाऱ्याच्या नावावरून तो 'गुस्टलोफ' उद्योगसमूहात गणला गेला. या स्थित्यंतराच्या काळातील रायफलींवर 'बीएसडब्ल्यू' ही अक्षरे आढळतात. हस्तपुस्तिकांत त्यांची नोंद 'अल्पकाळ वापरलेली खूण' अशा स्वरूपात होते. वर्गीकरण म्हणून ही नोंद बरोबर आहे. परंतु ती तीन अक्षरे म्हणजे एका जप्तीची नोंद आहे, हे तिच्यातून कळत नाही.

गुस्टलोफ समूहाचा प्रमुख फ्रिट्झ झाउकेल हा थुरिंगियातील नाझी पक्षाचा प्रांतप्रमुख होता. मार्च १९४२ मध्ये त्याच्याकडे संपूर्ण जर्मन साम्राज्यासाठी मजूर पुरवण्याचे सर्वाधिकार आले आणि व्यापलेल्या देशांतून लक्षावधी लोक सक्तीने कामावर आणले गेले. न्यूरेंबर्ग खटल्यात दोषी ठरून ऑक्टोबर १९४६ मध्ये त्याला फाशी झाली. वायमारजवळच्या बूखेनवाल्ड छळछावणीला लागून गुस्टलोफचा कारखाना उभारण्यात आला आणि १९४३ पासून तेथे बंद्यांकडून शस्त्रनिर्मितीचे काम करून घेतले गेले. २४ ऑगस्ट १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी त्यावर बॉम्बहल्ला केला. त्यात तीनशेहून अधिक बंदी मृत्युमुखी पडले. रायफलीवरील 'बीसीडी' या तीन अक्षरांत वायमार शहर आणि शेजारची छावणी असा भेद वाचता येत नाही.

हा अपवाद नव्हता. श्टायर कंपनीने माउटहाउझेन छावणीच्या गुझेन येथील शाखेत बंद्यांकडून रायफलींचे भाग बनवून घेतले. पोलंडमधील स्कार्झिस्को-कामिएना येथील दारूगोळ्याचा कारखाना 'हासाग' कंपनीच्या ताब्यात होता. तेथे १९४२ पासून ज्यू स्त्री-पुरुषांना वेठीस धरून कामाला जुंपले गेले. स्फोटक द्रव्याच्या संपर्काने तेथील कामगारांची कातडी पिवळी पडत असे. या कारखान्याच्या पुंगळ्यांवरील संकेत 'केएएम' असा आहे. अशी पुंगळी संग्रहात 'पोलंड, जर्मन ताबा, पोलादी' एवढ्या वर्णनाने ठेवली जाते, तेव्हा वर्णनात एकही चूक नसते. तरीही ते वर्णन अपुरे असते, आणि अपुरेपणाचा लाभ संकेत देणाऱ्या व्यवस्थेलाच मिळतो. नाव लपवण्यासाठी घडवलेले चिन्ह ऐंशी वर्षांनंतरही आपले काम करीत राहते.

खोडलेले व पुन्हा कोरलेले ठसे :

शस्त्र एकाच राज्यसत्तेच्या हाती राहत नाही. जपानी रायफलींवर सम्राटाचे शेवंतीच्या फुलाचे चिन्ह कोरलेले असे. १९४५ मधील शरणागतीनंतर जमा केलेल्या अनेक रायफलींवरून ते घासून काढण्यात आले. येथे चिन्हाचा अभाव हाच पुरावा ठरतो; घासलेली जागा पराभवाची तारीख सांगते.

ब्र्नो कारखान्याचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. मार्च १९३९ मध्ये जर्मनीने शहर व्यापले आणि चेकोस्लोव्हाक सैन्यासाठी शस्त्रे घडवणारा हा कारखाना जर्मन सैन्यासाठी राबू लागला. युद्धानंतर तो पुन्हा चेकोस्लोव्हाकियाकडे आला. १९४८ मध्ये नवजात इस्रायलला चेकोस्लोव्हाकियातून जी शस्त्रे मिळाली, त्यांत 'काराबिनर ९८के' रायफलीही होत्या. पुढे त्यांपैकी अनेकींच्या नळ्या बदलून त्या ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी योग्य करण्यात आल्या व तो आकडा त्यांच्यावर कोरला गेला. नाझी तपासनिसाचा गरुड आणि इस्रायली सैन्याचा ठसा एकाच धातूवर शेजारी असल्याची उदाहरणे यातूनच निर्माण झाली. 'मूळ उत्पादक कोण' एवढ्यावर थांबणारे वर्णन अशा वस्तूचा अर्धा इतिहास बाद करते.

भारतीय संदर्भ :

चिन्ह कोणाचे नाव घेते आणि कोणाचे वगळते, हा प्रश्न भारतीय वस्तूंनाही विचारता येतो. बंगालमधील इशापूर येथील कारखान्यात बनलेल्या ली-एनफिल्ड रायफलींवर मुकुट व त्याखाली 'जीआरआय' ही अक्षरे असत. 'राजा व सम्राट जॉर्ज' या अर्थाच्या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे होत. स्वातंत्र्योत्तर काळात मुकुटाची जागा अशोकस्तंभावरील सिंहांनी घेतली. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तेथील पुंगळ्यांवर 'के' व 'एफ' या अक्षरांमध्ये ब्रिटिश सरकारी मालमत्तेची बाणाची खूण असे. जर्मन संकेत उत्पादकाला दडवतो. ब्रिटिश भारतातील ठसा स्थळ उघड सांगतो आणि मालकी राजाच्या नावे नोंदवतो. हेतू भिन्न आहेत. घडवणारा हात मात्र दोन्ही ठिकाणी अनुल्लेखित आहे. दोहोंतील अंतर पुसून चालणार नाही : पगारी कारखान्यातील अनामिकता आणि छळछावणीतील अनामिकता एकाच मापाने मोजता येत नाही. त्यामुळेच ठसा वाचल्यानंतर त्यामागील श्रमव्यवस्थेचा स्वतंत्र शोध घेणे आवश्यक ठरते.

समारोप :

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, उत्पादक-चिन्ह हे प्रशासकीय दस्तऐवज आहे आणि त्याची विश्वसनीयता प्रशासनाच्या हेतूइतकीच मर्यादित आहे. दुसरा, उत्पादन, तपासणी, हस्तांतरण व दुरुस्ती यांचे ठसे वेगवेगळे वाचले पाहिजेत. त्यांचा क्रम लावल्याशिवाय वस्तूचा कालपट उभा राहत नाही. तिसरा, खोडलेला ठसा कोरलेल्या ठशाइतकाच बोलका असतो. चौथा निष्कर्ष संग्रहालयांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. संकेताचा उलगडा करून कंपनीचे नाव पाटीवर लिहिल्याने निम्मेच काम होते. त्या संकेताखाली सक्तीचे श्रम झाल्याचे न्यायालयीन व ऐतिहासिक पुराव्यांनी सिद्ध झालेले असेल, तर तेही त्याच पाटीवर, त्याच आकाराच्या अक्षरांत आले पाहिजे.

ओळखीच्या शास्त्राने अक्षरांचा उलगडा करून दिला, हे त्याचे ऋण आहे. पण 'केएएम' म्हणजे कोणता कारखाना, याचे उत्तर मिळाल्यानंतर तेथे कोण काम करीत होते हा प्रश्न विचारला गेला नाही, तर अभ्यासक त्या यादीचा वाचक न राहता तिचा लेखनिक होतो.